बयूमी शेखांचे केशरी पाणी

इजिप्तमधल्या दमनहूरच्या सुतारगल्लीत त्या सकाळी गर्दी जमली होती ती एका मुतलेल्या चादरीखाली.

चादर तिसऱ्या मजल्यावर उम्म वाएलच्या बाल्कनीत वाळत होती. तिचा धाकटा चार वर्षांचा. गेले दोन आठवडे लघवीला बसला की असा किंचाळायचा की समोरच्या इमारतीतल्या कुत्र्यालाही कळायचे. काल दुपारी बयूमी शेखांनी त्याला आपले पाणी पाजले, आणि तिसऱ्या प्रहराची बांग व्हायच्या आत पोरगे हसत हसत चादरीवर मुतले. मुतले ते केशरी. फिके, पिवळसर वगैरे नाही, लख्ख केशरी.

"आग बाहेर पडली हो, आग!" उम्म वाएल कठड्यावरून निम्मी बाहेर वाकून सांगत होती. "जिन्नाची आग आहे ही. दोनदा धुतली, डाग हलत नाही!"

"साबण कुठला लावलास?" खालून कुणीतरी विचारले.

"साबणाला काय विचारतेस? ब्लीच ओतलं, ब्लीच!"

"मग जिन्न अस्सल आहे," तामियाचे वडे तळणाऱ्याने निकाल दिला आणि हातातला झारा कढईत विसरून पुन्हा वर पाहू लागला. त्या सकाळी गल्लीने करपलेल्या तामिया खाल्ल्या आणि कुणी तक्रार केली नाही.

समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून इन्शिराह हे सगळे पाहत होती. गल्ली तिला उम्म हिशाम म्हणायची, म्हणजे हिशामची आई. बाई भोळी नव्हती. कॉफीच्या कपातले भविष्य सांगायला आलेल्या एका बाईला तिने एकदा तिचाच कप पालथा घालून दाखवला होता. पण त्या सकाळी तिच्या मांडीवर रिताज होती, तिच्या लेकीची, इनासची मुलगी. साडेचार वर्षांची ती पोर पायांची घट्ट अढी घालून बसली होती. लघवी लागली होती आणि ती सोडायला तयार नव्हती. सोडली की भाजते, हे तिला कळून चुकले होते. कपाळावर घामाचे थेंब, खालचा ओठ दातांत. अशा वेळी शहाण्या माणसाचीही नजर शेजारच्या चादरीकडे जाते.

तसे इन्शिराहने प्रयत्न काही कमी केले नव्हते. उलट, जरा जास्तच केले होते.

सुतारगल्लीत जिने उंच आणि गुडघे जुने, म्हणून प्रत्येक बाल्कनीला दोरीची टोपली. टोपली खाली जाते, पाव घेऊन वर येते. पण तिची खरी ये-जा मजल्यामजल्यांत चालायची, आणि तीही औषधांसाठी. गल्लीत कुणी गोळ्यांची पट्टी संपवत नसे. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या ठेवायच्या. कुणाच्या तरी कामी येतील. सगळ्या आपणच खाऊन टाकणे हे खादाडपणाचे लक्षण मानले जाई. कुणी खोकले की बाल्कनीतून विचारणा व्हायची, "उम्म हिशाम, काही जोरदार आहे का गं?" आणि टोपली सुटायची. इन्शिराहचा खण म्हणजे गल्लीचा दवाखाना. 'नाही' म्हणणे तिच्या तोंडाला माहीतच नव्हते, आणि याचा तिला अभिमान होता.

रिताजला जळजळ सुरू झाली तेव्हा त्या खणातून आधी हाजींच्या दाढेच्या उरलेल्या गोळ्या निघाल्या. हाजी दसूकी म्हणजे इन्शिराहचे यजमान. गोळ्या मधात कुटून दिल्या. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. मग उम्म वाएलच्या टोपलीतून खोकल्यावरच्या गोळ्या आल्या. मग वरच्या मजल्यावरून कसलेसे गुलाबी सिरप, निम्मी बाटली. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठीबिठ्ठी न मागता आपले सगळ्यांत जोरदार काढून दिले आणि तेही चालले नाही, तेव्हा तो काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "उम्म हिशाम, यापुढे माझ्याकडे काही नाही. यापुढे देव."

देव जरा लांब होता. बयूमी शेख समोरच्याच इमारतीत होते.

उम्म वाएलच्या बैठकीत सोनेरी पायांच्या खुर्च्या होत्या आणि लग्नापासून त्यांच्यावरचे प्लास्टिक काढलेले नव्हते. मधल्या खुर्चीवर शेख बसले होते. हलले की खुर्ची करकरायची, आणि त्यामुळे त्यांच्या बोलण्याला एक गूढ साथ मिळायची. पुढ्यात भात भरलेल्या कबुतरांची परात. शेख पैशाला हात लावत नसत. कबुतराला लावत.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्यांनी विचारले.

"औषधवाला म्हणाला जंतू आहे," इनास म्हणाली.

"औषध दिलं?"

"दिलं."

"जोरदार?"

"सगळ्यांत जोरदार."

"मेला जंतू?"

"नाही ना."

शेखांनी हातातले हाडूक परातीत ठेवले आणि सगळ्यांकडे एकेकदा पाहिले. "औषधानं जंतू मरतो. हा मरत नाही. म्हणजे हा जंतू नाही. मग आयाबायांनो, जो औषधानं मरत नाही तो कोण?"

"जिन्न!" बैठकीने एका सुरात उत्तर दिले.

या हिशेबात कुठेतरी भोक आहे असे इन्शिराहला वाटले. पण कुठे, ते बोट ठेवून सांगता येईना.

"आता आठवून सांगा," शेख इनासकडे वळले. "देवाचं नाव न घेता मोरीत उकळतं पाणी ओतलं होतंत?"

इनासचा चेहरा उतरला. "आई गं! मकरोनीचं पाणी!"

"इनास, मकरोनी आपण दर मंगळवारी करतो," इन्शिराह म्हणाली.

"दर मंगळवारी!" शेखांनी कपाळावर हात मारला, खुर्ची करकरली. "मोरीत कुटुंबकबिल्यासह राहणारा गरीब बिचारा जिन्न! दर मंगळवारी तुम्ही त्याला उकडताय! भाजलेला जीव जाईल कुठे? ओलाव्याला जाईल. पोरीच्या पोटातली ओली जागा धरून बसलाय तो."

बैठकीतल्या प्रत्येक बाईला आपापली मकरोनी आठवली.

शेखांनी चिनी मातीची पांढरी बशी मागवली. झोळीतून शाईची कुपी काढली. "इराणचं केशर आणि गुलाबपाणी," असे सांगून बोरूने बशीवर चौकटी काढल्या, चौकटींत आकडे भरले, आकड्यांवर फुंकर घातली. मग पाणी ओतून ते सारे बोटाने विरघळवले. पाणी लाल-केशरी झाले. अर्धा पेला रिताजच्या पोटात गेला, उरलेले बाटलीत भरून हातात मिळाले.

"रोज तीनदा. आणि नीट ऐका," शेखांनी बोट वर केले, "निरोगी माणसानं हे घडाभर प्यायलं तरी त्याची लघवी जशीच्या तशी. आत आग असेल तरच आग बाहेर येते. केशरी आहे तोवर जिन्न जळतोय. स्वच्छ झाली की मला बोलवा, पुन्हा बशी लिहू."

"आणि कबुतरं?" उम्म वाएलने विचारले.

"तीही."

तासाभराने रिताज न्हाणीघरात गेली. इन्शिराह दाराबाहेर श्वास रोखून उभी राहिली. किंचाळी आली नाही. नुसते झुळझुळ पाणी पडल्याचा आवाज, आणि मग, "आजी! भाजलं नाही! आणि बघ ना, संत्री!"

दुपारच्या झोपेत रिताजने चादरही केशरी केली, आणि त्या दिवशी गल्लीत दुसरी चादर लागली. इन्शिराहने स्वतः लावली, चिमटे मोजूनमापून, डाग दर्शनी बाजूला येईल असा. समोरून उम्म वाएलने जीभ हलवत लांबलचक किलकारी दिली, लग्नात देतात तशी. इन्शिराह आत येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. इतके दिवस ती पोरीसमोर रडली नव्हती.

एकटे हाजी दसूकी बधले नाहीत. जन्मभर सूतगिरणीत कापसाची प्रत ठरवण्याचे काम केलेले गृहस्थ. माल चिमटीत धरल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. "बशी चाटून जिन्न जातो म्हणे," ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. "तुझ्या मोरीतला गेला असेल तर बरंच झालं. परवा तिथं एवढं मोठं झुरळ पाहिलं मी. त्याच्या घरचंच असणार कुणी."

"हाजी, पोरीची जळजळ थांबलीय. तुम्हाला त्याचंही दुःख?"

हाजींनी पान उलटले.

दुसऱ्या दिवशी रिताजला ताप भरला. लघवी दुखत नव्हती, रंगही झकास केशरी, पण पोर तव्यासारखी तापलेली. भाकरीचा तुकडा पोटात टिकेना. डाव्या कुशीला हात लावला की अंग चोरायची. इन्शिराहने शेखांना फोन लावला.

"उत्तम!" शेख म्हणाले. "जिन्न सामान बांधतोय. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे धूळ उडणारच. पाणी दुप्पट करा."

इन्शिराहने दुप्पट केले. तापही वाढला. जिन्नाचे बिऱ्हाड बरेच मोठे असावे, सामान संपेचना.

आणि मग हाजींना तहान लागली.

फ्रिजमध्ये केशरी रंगाची बाटली दिसली की दमनहूरचा कुठलाही सज्जन माणूस जे समजेल तेच ते समजले: जर्दाळूचे सरबत. मोठा पेला भरला, उभ्या उभ्या घटाघटा प्यायले आणि ओठ पुसत बाहेर आले. "उम्म हिशाम, यंदाचं सरबत पाण्यासारखं झालंय. आणि कडू. जर्दाळू कुठल्या दुकानातून आणलेस?"

इन्शिराहच्या हातातली परडी तशीच राहिली. "कुठली बाटली?"

"फ्रिजातली."

"हाजी! ते शेखांचं पाणी होतं!"

"मग साखर तरी घालायची," हाजी म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले.

दुपारचे जेवण आवरत होते, तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली, "इन्शिराह!" ते तिला नावाने हाक मारत ती फक्त आकाश कोसळले तरच. ती धावली.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"रंग बघ."

"मी कशाला बघू तुमचा रंग?"

"लग्न केलंस म्हणून! ये आत!"

तिने पाहिले. दोघेही काही वेळ ते केशरी पाणी पाहत उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात असा प्रसंग आला नव्हता.

"अल्ला! तुमच्यातही जिन्न?"

"माझ्यात एवढं मोठं प्रोस्टेट आहे, जिन्नाला जागा कुठाय?" हाजी खेकसले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. गिरणीत गासडी फोडून कापूस उजेडात धरताना असायचा तसा झाला. "थांब. तुझे शेख काय म्हणाले होते? निरोगी माणसानं प्यायलं तर?"

"काही होत नाही म्हणाले. आग असेल तरच..."

"मी आजारी आहे?"

"नाही. सकाळी तीन अंडी खाल्लीत."

"मग ही आग आली कुठून?"

दोघांची नजर एकदमच स्वयंपाकघराकडे गेली. हाजींनी बाटली काढली, खिशातला पांढरा रुमाल तिच्यात बुडवला आणि खिडकीपाशी नेला. समोरच्या बाल्कनीतल्या चादरीवरचा डाग आणि हातातल्या रुमालावरचा डाग. एकच माल, एकच प्रत.

"आग आत नव्हती, उम्म हिशाम. आग बाटलीत आहे. जो पिईल तो केशरी मुतेल. मी मुतेन, शेख मुतेल, तामियावाल्याचं गाढवसुद्धा मुतेल."

"पण जळजळ थांबली ना तिची?" इन्शिराहने विचारले. ती वाद घालत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. अख्खी गल्ली याच एका गोष्टीपाशी फसली होती.

"तुझी दाढ दुखते तेव्हा तू लवंग धरतेस. ठणका थांबतो. दाढ बरी होते?"

आतल्या खोलीत रिताज हुडहुडत होती, दातांवर दात वाजत होते, आणि इनास तिच्या नावाने हाका मारत होती. इन्शिराहने पोरीला शालीत गुंडाळले, बाटली पिशवीत टाकली, आणि जिना उतरताना आपले गुडघे दुखतात हे ती साफ विसरली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर नजला यांना गोड बोलायची सवय नव्हती. रोज शंभर माणसे तपासणाऱ्या बाईला ती कशी असेल? त्यांनी पोरीच्या कुशीवर हलकेच थापटले, ती कळवळली, आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोठ्या दवाखान्याची गाडी मागवली. "जंतू मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेलेत. हे मूत्रपिंड तिला जन्मभर वापरायचंय. आणखी उशीर केला असतात तर त्यावर कायमचे वण पडले असते. बाटली कसली आहे?"

इन्शिराहने शेखांची सगळी कथा सांगितली. मकरोनीसकट.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "केशर? केशराचा भाव माहीत आहे तुमच्या शेखांना? जुनी गोळी आहे ही. लघवीच्या वाटेला बधिर करते आणि जाता जाता रंगवते. कुटून शाईत घालतो हा माणूस. जंतूला हिनं काहीही होत नाही, तो आत मजेत असतो. फक्त पोरगी ओरडायची थांबते. आणि पोरगी ओरडली नाही की आईबाप वाट बघत बसतात." त्यांनी बाटली टेबलावर आपटली. "एवढ्या लहान मुलाला हे मोजमाप न करता पाजणं म्हणजे वेडेपणा आहे. बरं, याआधी काय काय दिलंत?"

इन्शिराहने सांगायला सुरुवात केली ती जरा ऐटीतच. आपण हयगय केली नाही हे कळायला हवे होते. हाजींची दाढ, उम्म वाएलचा खोकला, वरच्या मजल्यावरचे गुलाबी. पण डॉक्टरांची भुवई जसजशी वर जाऊ लागली तसतसा तिचा आवाज खाली येऊ लागला. औषधवाल्याच्या जोरदारपर्यंत आली तेव्हा ती जवळजवळ कुजबुजत होती.

"लघवी एकदाही तपासली नाहीत?"

"लघवीत काय बघायचं?"

"कोण बसलंय ते," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वच्छ डबी पुढे केली.

मोठ्या दवाखान्यात रिताजला सलाइन लागले; तिथल्या मुलांच्या वॉर्डावरही डॉक्टर नजलाच असत. पहिले औषध अंदाजाने सुरू करावे लागले, आणि तपासणीचे उत्तर येईपर्यंत ताप हटेना. त्या काळात इन्शिराह खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. पोरीची पावले हातात धरायची, गरम लागायची, सोडायची, पुन्हा धरायची. तिने देवाकडे काय मागितले ते कुणाला सांगितले नाही.

मग डॉक्टर नजलांनी तिला आणि हाजींना प्रयोगशाळेत बोलावले आणि काचेची एक चपटी थाळी समोर ठेवली.

थाळीभर पातळ, मळकट थर होता, गार दुधावर येतो तसा. त्यावर कागदाच्या बारीक टिकल्या चिकटवलेल्या.

"हा थर म्हणजे तुमचा जिन्न," डॉक्टर म्हणाल्या. "लाखोलाख आहेत. प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिजवलंय. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. बघा, दिसतोय?"

हाजींनी चष्मा लावला. थर पहिल्या टिकलीला खेटून वाढलेला होता, अंगणात गवत दगडाला खेटून वाढते तसा. दुसरीलाही. तिसरीलाही.

"हे कुठलं?" इन्शिराहने पहिल्या टिकलीवर बोट धरले.

"हाजींची दाढ."

"आणि हे?"

"शेजारणीचा खोकला. ते पलीकडचं गुलाबी. आणि हे औषधवाल्याचं जोरदार."

इन्शिराहचा पूर्ण खण त्या थाळीवर मांडलेला होता. जंतू त्यातल्या प्रत्येकाच्या मांडीला मांडी लावून बसले होते. फक्त कडेच्या एका टिकलीभोवती गोल होता, बांगडीएवढा, आरपार स्वच्छ.

"हे एक चालतं. आजपासून सुरू करतेय. शिरेतून द्यावं लागेल."

"पण बाकीची औषधं मेली का?" हाजींनी विचारले.

"औषधं नाही मेली, जंतू शिकले. बाजारात पालिकेची गाडी येते ती पाहिलीय? फेरीवाले धरायला?"

"रोज पाहतो."

"गाडी आली, चार जण धरले आणि चहाची वेळ झाली म्हणून परत गेली. मागे कोण उरलं?"

"ज्यांना पळवाटा माहीत होत्या ते."

"दुसऱ्या दिवशी त्यांचाच बाजार. त्यांची पोरं, त्यांचे भाऊबंद. अशा अर्धवट धाडी रोज घाला. काही दिवसांनी बाजारात पळवाट माहीत नसलेला एक माणूस सापडेल?"

"एक नाही," हाजी सावकाश म्हणाले.

"चार गोळ्या खाऊन थांबलात, ही एक अर्धी धाड. खोकल्याला नको असताना घेतली, तीही धाडच. हा जंतू आपल्या आतड्यात एरवी निमूट राहतो. दाढेसाठी खाल्लेलं औषध त्यालाही गाठतं आणि शिकवून जातं. एका पोटातला दुसऱ्याच्या पोटात जातो, हातांनी, ताटांनी. आणि वर हे जंतू एकमेकांना पळवाटा वाटतातही. ज्याला माहीत आहे तो शेजारच्याला देतो." त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "त्यांच्याकडेही टोपल्या आहेत, उम्म हिशाम."

इन्शिराह खुर्चीत बसली. "मी चांगल्यासाठी देत होते."

"माहीत आहे मला. म्हणून तर एवढी वर्षं न चुकता दिलंत."

नवे औषध लागू पडले. रिताजचे अंग निवले, तिने अंडे मागितले, आणि इनासला पोरीपाशी ठेवून इन्शिराह थेट सुतारगल्लीत आली. बाटली तिच्या पिशवीत होतीच. मागोमाग हाजी.

उम्म वाएलच्या बैठकीत कबुतरांची नवी परात होती आणि कोपऱ्यात तिचा धाकटा लाल चेहऱ्याने निजलेला होता.

"सामान बांधतोय," शेख सांगत होते.

"हो, आमच्याकडेही बांधत होता," इन्शिराह म्हणाली. "शेखसाहेब, एक शंका. निरोगी माणसाला या पाण्यानं काही होत नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही."

"आमचे हाजी प्यायले. केशरी झाली."

बैठकीत खसखस पिकली. शेखांनी हाजींना आपादमस्तक न्याहाळले आणि गंभीरपणे मान हलवली. "मला वाटतच होतं. या माणसाच्या चेहऱ्यावरच आहे. जुना जिन्न, फार जुना."

"असेल," हाजी समोरच्या खुर्चीवर बसले, तीही करकरली. "मी मेला जिन्नबाधित. पण तुम्ही तर पाक माणूस. तुमच्यात काही नाही?"

"देवाच्या कृपेनं, नाही."

इन्शिराहने पेला भरून पुढे धरला. "मग घ्या. तासभर आम्ही इथंच बसतो. तुमची जशीच्या तशी निघाली तर सगळी गल्ली तुमच्या पायाशी."

शेखांनी पेल्याकडे पाहिले. मग दाराकडे.

"आज माझा उपास आहे."

"दाढीला भात लागलाय," उम्म वाएलची सासू म्हणाली. ती एरवी दिवसदिवस बोलत नसे.

"तहान नाही मला."

"औषध तहान लागल्यावर घेतात होय?" सासूला आता थांबायचे नव्हते. "प्या की! माझ्या नातवाला बाटलीभर पाजलंत, तुम्हाला पेला जड झाला?"

शेखांना अचानक पलीकडच्या खेड्यातली एक मयत आठवली. झोळी उचलताना तिच्यातली दुसरी एक कुपी खुर्चीच्या हातावर आपटून फुटली आणि तिच्यातून कुटलेल्या गोळ्यांचा लाल चुरा सोनेरी खुर्चीवरच्या प्लास्टिकवर सांडला. ते प्लास्टिक पहिल्यांदाच कुणाच्या कामी आले. जिन्यावरून शेख उतरले ते बाल्कनीवाल्यांना दिसले आणि खालच्या तामियावाल्याला ऐकूही आले.

हशा ओसरला तेव्हा उम्म वाएलने पोराला खांद्यावर घेतलेले होते. ती हसत नव्हती. "तो चोर, मान्य. पण उम्म हिशाम, मग औषधं का नाही चालली? ते तरी कोण सांगणार?"

हाजींनी थाळीचा काढलेला फोटो इन्शिराहच्या मोबाइलमध्ये होता. तो तिने दाखवला. धाडी सांगितल्या, पळवाटा सांगितल्या, एकेक टिकली कुणाच्या घरची ते सांगितले. स्वतःच्या खणापासून सुरुवात केली.

उम्म वाएलने फोटो बोटांनी मोठा केला. "म्हणजे मी तुला दिलेल्या..."

"आणि मी तुला दिलेल्या."

"आणि मी दर हिवाळ्यात सासूबाईंना देते त्या?"

"मी एकही खाल्लेली नाही," सासू म्हणाली. "कुंडीत टाकते."

त्यांच्या कुंडीतली तुळशीसारख्या वासाची रोपटी का जगत नाहीत, हे त्या दिवशी घरात कळले. पण ते पुढे. आधी पोराला घेऊन सगळ्या जणी दवाखान्याकडे निघाल्या, आणि त्याचेही औषध लघवी तपासूनच ठरले.

उपचार संपल्यानंतर डॉक्टर नजलांनी रिताजच्या लघवीची पुन्हा तपासणी केली आणि दोघांना पुन्हा एक थाळी दाखवली. हाजींनी ती उजेडात धरली, तिरपी केली, चष्मा पुसून परत पाहिली.

"ही तर रिकामी आहे."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मूत्रपिंडही ठीक आहे. सोनोग्राफीत वण दिसला नाही."

इन्शिराहने थाळी हातात घेतली. खरेच काही नव्हते तिच्यावर. रंग नाही, डाग नाही. ही बघायला कुणी गर्दी करणार नाही, हे तिला कळत होते. बरे होण्यात दाखवण्यासारखे काही नसते, आणि बयूमी शेखांचा धंदा त्यावरच चालतो. ते दमनहूर सोडून गेले असतील तरी कुठल्या तरी गल्लीत आज बशी लिहीत असतील.

म्हणून एवढेच सांगायचे. तुमच्या मुलाला लघवीला आग होत असेल, ताप असेल, तर आधी लघवी तपासून घ्या, मग औषध. जे दिले ते सांगितले तितके द्या. उरले तर कुणाला देऊ नका, कितीही जिवलग असो. साध्या खोकल्याला जोरदार मागू नका. आणि औषध लागू पडले नाही तर ज्याच्याकडे उत्तर तयार आहे त्याच्याकडे जाऊ नका. जो म्हणेल, "थांबा, तपासून पाहतो," त्याच्याकडे जा. अजून एक टिकली चालते आहे. ती किती वर्षे चालेल हे कुठल्याही मोरीतल्या कुटुंबाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

"आजी, मला जायचंय," त्या संध्याकाळी घरी रिताज म्हणाली.

इन्शिराह सवयीने उठली आणि तिच्यामागे निघाली. पण पोरीने आत जाऊन दार लोटून घेतले. बाहेर उभ्या असलेल्या आजीला थोड्या वेळाने ऐकू आले, ती आत एकटीच काहीबाही गाणे म्हणत होती, आणि तिला बाहेर यायची अजिबात घाई नव्हती.